भोवरा, नाव आणि एक त्रिकोण : ‘अंधारयुगा’तल्या विज्ञानाविषयी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत विज्ञानाच्या इतिहासावर चालू असलेली लेखमाला मी नियमाने वाचतो. मध्ययुगावरचा ताजा लेख वाचून मात्र हे पत्र लिहिल्यावाचून राहवले नाही. ग्रीकांनी विज्ञानाचा पाया घातला, रोमचे साम्राज्य कोसळल्यावर युरोप हजार वर्षे अंधारात चाचपडत राहिला, विद्यापीठांतले पंडित अ‍ॅरिस्टॉटलची पोपटपंची करत आणि सुईच्या टोकावर किती देवदूत नाचू शकतील याचा काथ्याकूट करत बसले, आणि अखेर गॅलिलिओने एकट्याच्या बळावर ते जोखड झुगारून दिले, असा त्या लेखाचा एकंदर आशय आहे. लेखकाला बोल लावावा असे माझ्या मनात नाही, कारण एका महाविद्यालयात एकतीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवताना मीही ही गोष्ट जवळजवळ याच शब्दांत सांगत आलो. निवृत्तीनंतर सवडीने मध्ययुगीन ग्रंथांची भाषांतरे वाचायला घेतली, तेव्हा आपण काय सांगत होतो ते माझे मला कळले.

दोन किरकोळ गोष्टी आधी निकालात काढतो. सुईच्या टोकावरच्या देवदूतांचा प्रश्न मध्ययुगातल्या एकाही पंडिताच्या ग्रंथात सापडलेला नाही. तो सतराव्या शतकातल्या टीकाकारांच्या उपहासातून आपल्यापर्यंत आला आहे. एकाच जागी एकाहून अधिक देवदूत असू शकतात काय, असा प्रश्न तेराव्या शतकातल्या टॉमस अक्वायनस या धर्मशास्त्र्याने घेतला आहे खरा, आणि त्याचे उत्तर नकारार्थी दिले आहे. पण त्याला तिथे तपासायचे होते ते ‘एखादी वस्तू अमुक ठिकाणी आहे’ या म्हणण्याचा अर्थ काय होतो, हे. दुसरी गोष्ट, मध्ययुगातले लोक पृथ्वी सपाट मानत या समजुतीची. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात साक्रोबोस्को नावाच्या अध्यापकाने खगोलावर एक छोटे पाठ्यपुस्तक लिहिले आणि ते पुढे जवळजवळ चारशे वर्षे युरोपच्या विद्यापीठांत लावलेले होते. पृथ्वी गोल असल्याची प्रमाणे त्यात अगदी सुरुवातीला दिलेली आहेत. चंद्रग्रहण पूर्वेकडच्या लोकांना रात्रीच्या वेगळ्या प्रहरी दिसते आणि पश्चिमेकडच्यांना वेगळ्या. आणि जहाज किनाऱ्यापासून दूर जाऊ लागले की डोलकाठीच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या माणसाला किनाऱ्यावरची खूण दिसेनाशी होते तेव्हा टोकावर चढलेल्याला ती अजून दिसत असते. हे पुस्तक पुढे गॅलिलिओनेही शिकवले आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ‘अ‍ॅरिस्टॉटलची हजार वर्षांची गुलामगिरी’ हा शब्दप्रयोग कालगणनेवरच टिकत नाही, कारण त्या हजार वर्षांपैकी निम्म्याहून अधिक काळ पश्चिम युरोपाजवळ अ‍ॅरिस्टॉटल जवळजवळ नव्हताच. सहाव्या शतकाच्या आरंभी बोएथियस या रोमन पंडिताने अ‍ॅरिस्टॉटल आणि प्लेटो दोघांनाही समग्र लॅटिनमध्ये आणण्याचा संकल्प सोडला होता. तर्कशास्त्रावरचे काही ग्रंथ हातावेगळे झाले, आणि इ. स. ५२४ च्या सुमारास राजद्रोहाच्या आरोपावरून त्याला देहदंड झाला. पुढची सहाशे वर्षे लॅटिन वाचणाऱ्यांच्या हाती राहिला तो एवढाच तर्कशास्त्रकार अ‍ॅरिस्टॉटल. गती, आकाश, प्राणी, हवामान यांवर लिहिणारा अ‍ॅरिस्टॉटल त्यांना भेटला तो बाराव्या शतकात, आणि बराचसा अरबीच्या वाटेने.

या भेटीची एक हकीकत मला फार आवडते. १०८५ मध्ये तोलेदो हे स्पेनमधले शहर ख्रिस्ती राजाच्या ताब्यात गेले आणि तिथले अरबी ग्रंथसंग्रह लॅटिन विद्वानांना खुले झाले. क्रेमोनाचा जेरार्ड हा इटालियन माणूस तिथे गेला तो टॉलेमीचा ‘अल्माजेस्ट’ हा खगोलशास्त्रावरचा एकच ग्रंथ मिळवायला, कारण लॅटिनमध्ये तो कुठेच मिळत नव्हता. तिथे प्रत्येक विषयावरच्या अरबी पुस्तकांची रास पाहून आणि आपल्या लोकांच्या दारिद्र्याची कीव येऊन तो अरबी शिकला आणि ११८७ मध्ये मरेपर्यंत भाषांतरेच करत राहिला. त्याच्या माघारी शिष्यांनी यादी केली तेव्हा सत्तरांहून अधिक ग्रंथ भरले. पुढे तेराव्या शतकात विल्यम मूरबेके याने थेट ग्रीक हस्तलिखितांवरून अ‍ॅरिस्टॉटलची नवी भाषांतरे केली आणि १२६९ मध्ये आर्किमिडीजही लॅटिनमध्ये आणला.

मधल्या अरबी विद्वानांना आपण ‘ग्रीकांचा ठेवा सांभाळणारे’ म्हणून मोकळे होतो, तेही बरोबर नाही. लॅटिन पंडित अ‍ॅरिस्टॉटलचा उल्लेख नुसता ‘तत्त्वज्ञ’ असा करत आणि कोर्दोव्याच्या इब्न रुश्दचा नुसता ‘भाष्यकार’ असा. नाव घेण्याची गरजच पडत नसे. या वाटेने आपल्याकडचेही थोडे काही गेले. आपल्या भूमितीच्या पुस्तकातली वर्तुळाची ‘जीवा’ अरबीत ‘जीबा’ झाली, स्वरचिन्हे न लिहिण्याच्या पद्धतीमुळे तीच अक्षरे ‘जैब’ अशी वाचली गेली, ‘जैब’ म्हणजे कपड्याची घडी किंवा उराशी येणारी चुणी म्हणून लॅटिन अनुवादकांनी त्याच अर्थाचा ‘सायनस’ शब्द योजला, आणि आज आपली मुले त्यालाच ‘साइन’ म्हणतात. हे विषयांतर झाले खरे. पण एक शब्द तीन भाषांतून चुकत-माकत कसा पोचतो हे एकदा पाहिले की ग्रंथच्या ग्रंथ पोचवणाऱ्यांविषयीचा आदर दुणावतो.

हा नवा अ‍ॅरिस्टॉटल आल्यावर चर्चने त्याला डोक्यावर घेतले अशी आपली समजूत असते. झाले ते उलटच. १२१० मध्ये पॅरिसला भरलेल्या धर्मसभेने त्याचे निसर्गविषयक ग्रंथ शिकवण्यास बहिष्काराच्या धाकाने मनाई केली, आणि १२१५ च्या विद्यापीठ नियमांत तीच मनाई पुन्हा आली. जग अनादी आहे असे म्हणणारा हा परधर्मी ग्रीक सृष्टीच्या उत्पत्तीवर श्रद्धा असणाऱ्यांना कसा मानवावा? १२२९ मध्ये तुलूझच्या नव्या विद्यापीठाने विद्यार्थी ओढण्यासाठी परिपत्रक काढले, त्यात तर पॅरिसमध्ये बंदी असलेले अ‍ॅरिस्टॉटलचे ग्रंथ इथे ऐकायला मिळतील असे आमिषच दाखवले होते. (खासगी शिकवण्यांच्या जाहिराती वाचणाऱ्यांना यात नवल वाटू नये.) बंदी हळूहळू ढिली पडत गेली आणि १२५५ मध्ये पॅरिसच्या कलाशाखेने अ‍ॅरिस्टॉटलचे जवळजवळ सगळे ग्रंथ अभ्यासक्रमाला लावले. तेव्हा गुलामगिरी म्हणायचीच असेल तर ती या वर्षापासून मोजावी लागेल.

आणि तीही कसली गुलामगिरी होती, ते या पंडितांच्या लिहिण्याच्या रीतीवरून पाहावे. त्यांचे ग्रंथ प्रश्नांचे बनलेले असतात. आधी प्रश्न मांडायचा. मग ग्रंथकर्त्याला जे म्हणायचे आहे त्याच्या विरुद्धचे आक्षेप ओळीने आणि जमेल तितक्या ताकदीने मांडायचे. मग ‘परंतु याउलट’ म्हणून एखादे प्रमाण. मग आपले उत्तर. आणि शेवटी सुरुवातीच्या प्रत्येक आक्षेपाचे वेगवेगळे निरसन. पूर्वपक्ष आणि सिद्धान्त यांची आपल्या न्याय-मीमांसेतली शिस्त ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही रचना घरचीच वाटेल. हे केवळ लेखी नव्हते. वादसभेत विद्यार्थ्याला उभे राहून खरोखरच आक्षेप घ्यावे आणि परतवावे लागत. त्यातून अ‍ॅरिस्टॉटलचे प्रत्येक विधान ‘खरे आहे काय?’ या रूपात वर्गात येई, आणि एखाद्या विधानाविरुद्ध दरवर्षी आक्षेप गोळा करण्याची सवय लागली की कधीतरी उत्तरापेक्षा आक्षेपच भारी ठरतो. धर्मशास्त्राकडे जाणाऱ्याने सामान्यतः आधी कलाशाखेचा हा अभ्यास पुरा केलेला असे, त्यामुळे पदार्थ खाली का पडतो या प्रश्नावर पुढचा बिशपसुद्धा तरुणपणी घाम गाळून आलेला असे.

हत्यार ग्रीकांचेच होते, हे लक्षात घेतले पाहिजे. एखादी गोष्ट ‘तशी आहे’ हे कळणे वेगळे आणि ती ‘तशी का आहे’ हे कळणे वेगळे, आणि ज्ञान म्हणायचे ते दुसऱ्याला, हा अ‍ॅरिस्टॉटलचा भेद. ऑक्सफर्डचा रॉबर्ट ग्रोसटेस्ट याने त्यावर भाष्य लिहिले, आणि प्रकाश, इंद्रधनुष्य यांसारख्या गोष्टींचे ‘का’ भूमितीशिवाय सांगता येणार नाही असा आग्रह धरला. पुढे १३०४ ते १३१० च्या दरम्यान फ्रायबर्गचा थिओडोरिक या डोमिनिकन (एका ख्रिस्ती संघातल्या) साधूने पाण्याने भरलेला काचेचा गोळा म्हणजे मोठा केलेला पावसाचा थेंब असे मानून त्यातून सूर्यकिरण कसा वळतो, मागच्या बाजूला आत कसा परावर्तित होतो आणि पुन्हा वळून कसा बाहेर पडतो, हे डोळ्यांनी पाहून इंद्रधनुष्याचे स्पष्टीकरण दिले. जवळजवळ त्याच वर्षांत इराणमध्ये कमालुद्दीन अल-फारिसी हाही तसाच गोळा घेऊन त्याच निष्कर्षाला पोचला होता. दोघांच्याही मागे इब्न अल-हैथम या आधीच्या अरबी शास्त्रज्ञाचे प्रकाशशास्त्र होते.

मला मात्र आपल्या वाचकांपुढे ठेवायचा आहे तो ज्यां ब्युरिदां. हा पॅरिसच्या कलाशाखेत जन्मभर शिकवत राहिला आणि दोनदा विद्यापीठाचा रेक्टर, म्हणजे प्रमुख, झाला. त्याने घेतलेला एक प्रश्न असा : फेकलेला दगड हातातून सुटल्यावर पुढे कशामुळे जातो? प्रश्न पोरकट वाटेल, पण अ‍ॅरिस्टॉटलच्या शास्त्राची ती दुखरी नस होती. हलणाऱ्या प्रत्येक वस्तूला चिकटून तिला हलवणारे काहीतरी असलेच पाहिजे, हे त्याचे सूत्र. मग हात मागे राहिल्यावर दगडाला ढकलते कोण? अ‍ॅरिस्टॉटलचे उत्तर होते, हवा. फेकताना हवेलाही गती मिळते आणि ती मागून दगडाला रेटत नेते.

ब्युरिदांने यावर जे आक्षेप घेतले ते वाचताना हा माणूस घाटावर आणि लोहाराच्या भट्टीवर बराच वेळ रेंगाळलेला असावा असे वाटते. तो म्हणतो, भोवरा पाहा, किंवा लोहाराचे धार लावायचे चाक पाहा. ते जागच्या जागी फिरतात. जागा सोडतच नाहीत, तर मागच्या रिकाम्या जागेत हवा घुसण्याचा प्रश्न येतोच कुठे? चाकाभोवती कापड धरून हवा तोडली तरी चाक थांबत नाही. मग तो नावेकडे वळतो. दोर लावून प्रवाहाविरुद्ध ओढलेली जड नाव, ओढणाऱ्यांनी दोर सोडला तरी लगेच थांबत नाही, पुढे जात राहते. त्या नावेवर उभ्या असलेल्या नावाड्याला मागून हवा रेटते आहे असे जाणवते काय? त्याला वारा लागतो तो समोरून. नावेत धान्य किंवा लाकूड भरलेले असेल आणि एखादा माणूस त्या मालाच्या मागे उभा असेल, तर एवढी नाव रेटणारी हवा त्याला मालावर चिरडूनच टाकील. आणि माल गवताचा असेल तर मागच्या काड्या पुढे वाकलेल्या दिसतील. तसे काहीच दिसत नाही. लांब उडी मारणारा मागे जाऊन धावत येतो तो काय हवा गोळा करायला? आणि हवाच ढकलत असती तर दगडापेक्षा पीस लांब फेकता आले असते.

तेव्हा फेकणारा वस्तूमध्येच काहीतरी भरतो, असे ब्युरिदां म्हणतो. त्याला त्याने ‘इम्पेटस’ म्हटले. मराठीत आपण तूर्त ‘भरलेला जोर’ म्हणू. वस्तूचा वेग जितका अधिक आणि तिच्यात द्रव्य जितके अधिक, तितका हा जोर अधिक. हवेचा अडथळा आणि वस्तूचा जडपणा त्याला कमी करत आणतात. द्रव्य गुणिले वेग म्हटले की भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला संवेग आठवल्याशिवाय राहत नाही. पुढे तो आणखी एक पाऊल टाकतो : आकाशातल्या गोलांना फिरवायला देवदूतांची किंवा कोणा बुद्धिमान शक्तींची योजना करण्याचे कारण नाही, बायबलात तसे कुठे सांगितलेलेही नाही, निर्मितीच्या वेळी देवाने त्यांना एकदा जोर दिला असेल, आणि तिथे अडथळा नसल्यामुळे तो कमीच होत नसेल. एवढे बोलून, यावर शेवटचा शब्द धर्मशास्त्र्यांनी सांगावा, असे म्हणून तो गप्प बसतो.

ही शंका त्याने पहिल्यांदा काढली असे मात्र नाही. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोपोनसने ग्रीकमध्येच हवेच्या उपपत्तीची टर उडवली होती आणि फेकणाऱ्याकडून वस्तूत काही शक्ती जाते असे सुचवले होते. इब्न सिनाकडेही ही कल्पना निराळ्या रूपात आढळते. शिवाय इम्पेटस म्हणजे जडत्व नव्हे. ब्युरिदांच्या मते गती टिकायला वस्तूत काहीतरी असावेच लागते, तर न्यूटनच्या पहिल्या नियमाप्रमाणे एकसमान गती टिकायला कशाचीच गरज नसते. वर्गात या दोहोंची गल्लत करणारा विद्यार्थी दरवर्षी भेटतो. त्याला मी पूर्वी चूक म्हणत असे. आता त्याला चौदाव्या शतकातला म्हणतो, आणि त्याला ते अपमानास्पद वाटत नाही.

लेखात चर्चच्या दडपशाहीचा उल्लेख आहे, आणि १२७७ हे साल त्यासाठी योग्यच निवडले आहे. त्या वर्षी ७ मार्च रोजी पॅरिसचा बिशप एत्येन तांपिये याने २१९ विधाने निषिद्ध ठरवली. पण या यादीत काय होते ते लेखात आलेले नाही. ‘पहिले कारण, म्हणजे देव, एकाहून अधिक विश्वे निर्माण करू शकत नाही’ हे विधान त्यात होते. ‘देव आकाशाला सरळ रेषेत सरकवू शकत नाही, कारण तसे केल्यास मागे पोकळी उरेल’ हेही होते. अ‍ॅरिस्टॉटलच्या मते पोकळी अशक्य आणि दुसरे विश्वही अशक्य. बिशपच्या मते देवाला अशक्य काही म्हणायचे नाही. परिणाम असा झाला की पोकळीत वस्तू कशी हलेल, दुसरे विश्व असेल तर तिथली माती कोणत्या केंद्राकडे पडेल, हे प्रश्न पॅरिसच्या वर्गांत ‘समजा’ म्हणून विचारता येऊ लागले, किंबहुना विचारावेच लागले. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ आणि इतिहासकार पिएर दुएम याने विसाव्या शतकाच्या आरंभी यावरून आधुनिक विज्ञानाचा जन्म १२७७ मध्येच झाला असे प्रतिपादन केले. मला ते पटत नाही. बंदी ही बंदीच असते, आणि तिच्यामुळे धास्तावलेल्या अध्यापकांच्या न लिहिल्या गेलेल्या ग्रंथांची यादी आपल्याला कोणी देणार नाही. पण त्या बंदीने अ‍ॅरिस्टॉटलला बळकटी आणली असे म्हणणे तर सरळच चुकीचे आहे.

आता त्या गोष्टीकडे येतो, जिच्यामुळे हे पत्र लिहायला बसलो. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात गतिविषयक समीकरणे आलेखाच्या साहाय्याने काढून दाखवलेली असतात. आडव्या अक्षावर काळ, उभ्या अक्षावर वेग; त्वरण एकसमान असेल तर आलेख तिरप्या सरळ रेषेचा येतो आणि रेषेखालचे क्षेत्रफळ म्हणजे कापलेले अंतर. महाविद्यालयात पहिल्या वर्षाला मी हीच आकृती पुन्हा काढून घेत असे. एकदा एका मुलीने विचारले, “सर, हा आलेख पहिल्यांदा कोणी काढला?” मी बेधडक म्हणालो, “गॅलिलिओने, नाहीतर न्यूटनने.” ती लिहून घेत होती. हे उत्तर चूक होते, आणि तिला ते कळवण्याची सोय आता माझ्याजवळ नाही.

ऑक्सफर्डच्या मर्टन महाविद्यालयात १३२८ ते १३५० च्या सुमारास चारपाच तर्कशास्त्री होते, ज्यांना पुढे ‘गणक’ म्हणू लागले. त्यांतला टॉमस ब्रॅडवर्डीन याला अ‍ॅरिस्टॉटलच्या गतीच्या नियमात एक विसंगती खुपली. वेग हा बल आणि अडथळा यांच्या गुणोत्तराच्या प्रमाणात असतो असे धरले, तर बल अडथळ्याइतकेच किंवा त्याहून कमी असतानाही थोडातरी वेग निघतो. पण शंभर जणांनी ओढलेले जहाज एकट्या माणसाला तसूभरही हलवता येत नाही. म्हणून त्याने निराळा संबंध सुचवला, ज्यात वेग दुप्पट करायचा तर गुणोत्तराचा वर्ग करावा लागतो, म्हणजे ते तीनाचे नऊ व्हावे लागते. उत्तर चुकले, पण निसर्गाचा नियम गणिती संबंधात मांडला पाहिजे आणि तो टोकाच्या उदाहरणांवर तपासला पाहिजे, ही रीत चुकलेली नव्हती. १३४९ मध्ये ब्रॅडवर्डीन कँटरबरीचा आर्चबिशप झाला आणि काही आठवड्यांतच प्लेगने गेला.

त्याच्याच महाविद्यालयातल्या विल्यम हेट्सबरीने १३३५ मध्ये मध्यम वेगाचा नियम मांडला. वेग एकसारखा वाढत जात असेल, तर त्या काळात वस्तू जेवढे अंतर कापते तेवढेच अंतर ती मधल्या क्षणीच्या वेगाने सारखी चालत राहिली असती तरी कापले असते. उदाहरणच घ्यायचे तर, थांबलेली गाडी एकसारखा वेग वाढवत आठ सेकंदांत सेकंदाला २० मीटरपर्यंत पोचली, तर ती ८० मीटर जाते. सेकंदाला १० मीटरने आठ सेकंद धावणारी गाडीही ८० मीटरच जाते. पहिल्या चार सेकंदांत २० मीटर आणि पुढच्या चार सेकंदांत ६०, हे एकास तीन प्रमाणही हेट्सबरीने नोंदवले आहे.

आणि आकृती काढली ती ब्युरिदांनंतरच्या पिढीतल्या पॅरिसच्या निकोल ओरेमने, चौदाव्या शतकाच्या मध्याला. काळासाठी एक आडवी रेघ, आणि तिच्यावर त्या त्या क्षणीच्या वेगाइतक्या उंचीच्या उभ्या रेघा. शून्यापासून एकसारखा वाढणारा वेग म्हणजे काटकोन त्रिकोण. स्थिर वेग म्हणजे आयत. त्रिकोणाच्या निम्म्या उंचीवर आडवी रेघ मारली की वरचे टोक सुटे होते. ते उलटे करून डावीकडच्या रिकाम्या जागेत बसवले की आयत तंतोतंत पुरा होतो. मी हे पुठ्ठ्याचा त्रिकोण कापून पाहिले. कात्रीच्या एका कापात हेट्सबरीचे प्रमेय हातात येते. ओरेमच्या आकृतीत अक्षांवर आकडे नाहीत, आणि तो वेगाबरोबर उष्णता, पांढरेपणा, इतकेच काय वेदनाही याच पद्धतीने काढू पाहतो, त्यामुळे तिला आजचा आलेख म्हणता येत नाही. पण १६३८ मध्ये गॅलिलिओने गतीवरच्या आपल्या संवादरूप, दिवसांत विभागलेल्या ग्रंथात ‘तिसऱ्या दिवशी’ एकसमान त्वरणाविषयी जे पहिले प्रमेय सिद्ध केले, ते हेट्सबरीचेच प्रमेय आहे, आणि त्याखालची आकृती ओरेमच्या आकृतीची सख्खी बहीण शोभावी अशी आहे.

मग गॅलिलिओने केले काय, असे कोणी विचारील. पुष्कळ केले. ऑक्सफर्डच्या गणकांचे प्रमेय ‘समजा’च्या जगात राहत होते; खाली पडणारा दगड असाच पडतो असे त्यांनी म्हटले नाही. तसे म्हटले ते दोमिंगो दे सोतो या स्पॅनिश डोमिनिकनने, सोळाव्या शतकाच्या मध्याला, आणि तेही अ‍ॅरिस्टॉटलवरच्या भाष्यात जाता जाता; त्याला मोजून पाहावेसे वाटले नाही. मोजले गॅलिलिओने. सुमारे बारा हात लांबीच्या लाकडी तुळईत खाच कोरून, तिला आतून गुळगुळीत चर्मपत्र लावून, कांस्याची गोळी घरंगळत सोडायची. आणि ती खाली पोचेपर्यंत मोठ्या भांड्याच्या बारीक नळीतून गळणारे पाणी गोळा करून ते तराजूत तोलायचे, म्हणजे वेळ कळतो. असे शंभर वेळा केल्याचे तो सांगतो. त्रिकोण आणि तराजू यांच्यामध्ये तीनशे वर्षे गेली, हा पंडितांचा दोष आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. भोवरा आणि नाव यांच्याकडे इतक्या बारकाईने पाहणाऱ्या माणसांनी मोजपट्टी हातात का घेतली नाही, याचे समाधानकारक उत्तर मला मिळालेले नाही. वादात जिंकायला उदाहरण पुरते, आकडा लागत नाही, हे त्यातले एक कारण असावे.

ओरेमचीच आणखी एक गोष्ट या दोषाच्या जवळची आहे. १३७७ मध्ये राजा पाचव्या चार्ल्सच्या आज्ञेवरून अ‍ॅरिस्टॉटलच्या आकाशविषयक ग्रंथाचे फ्रेंच भाषांतर आणि त्यावर टीका लिहिताना त्याने पृथ्वीच स्वतःभोवती फिरत असेल काय हा प्रश्न घेतला. चालत्या जहाजावरचा माणूस डोलकाठीलगत हात सरळ खाली आणतो तेव्हा त्याला तो सरळच आलेला दिसतो, मग पृथ्वी फिरत असतानाही वर सोडलेला बाण तिच्याबरोबर पूर्वेकडे जातच राहणार, असे म्हणून त्याने बाण मागे पश्चिमेला पडेल हा मुख्य आक्षेप मोडून काढला. एवढ्या अफाट आकाशाने दिवसाकाठी गिरकी घेण्यापेक्षा चिमुकल्या पृथ्वीने फिरणे किती सोपे, हेही सांगितले. अनुभवाने किंवा तर्काने पृथ्वी स्थिर असल्याचे सिद्ध करता येत नाही इथपर्यंत आला, आणि मग, तरी पृथ्वी स्थिर आहे असेच सर्व मानतात आणि मीही मानतो, असे लिहून बायबलच्या स्तोत्रातले वचन उद्धृत केले. त्याच वर्षी तो लिझ्यूचा बिशप झाला. हे वाचताना मला दर वेळी चुटपुट लागते. पण तुमच्या लेखातला पोपट मात्र यात दिसत नाही.

तरुण गॅलिलिओच्या वह्यांमध्ये तर्कशास्त्र आणि निसर्गविचार यांवरची जी लॅटिन टिपणे सापडली आहेत, ती रोमच्या जेझुइट धर्मसंघाच्या महाविद्यालयातल्या व्याख्यानांवर आधारलेली असल्याचे संशोधकांनी ओळींना ओळी लावून दाखवले आहे. पिसाला असताना त्याने गतीवर जो पहिला निबंध लिहिला, त्यातही फेकणाऱ्याने वस्तूत भरलेल्या शक्तीचीच भाषा आहे. ज्या पंडितांशी तो पुढे भांडला त्यांच्या वह्या त्याने आधी उतरवून घेतल्या होत्या. त्याच्या काळच्या अनेक प्राध्यापकांचा अ‍ॅरिस्टॉटल खरोखरच दगडासारखा झालेला होता, आणि गॅलिलिओची चीड रास्त होती. आपण ती चीड मागच्या पाचशे वर्षांवर सरसकट पसरली.

लेखमालेचा पुढचा भाग गॅलिलिओवर आहे असे आपण जाहीर केले आहे. त्यात १६३८ च्या ग्रंथातले वर सांगितलेले प्रमेय आकृतीसह छापावे, शेजारी ओरेमचा त्रिकोण आणि नववीच्या पुस्तकातला आलेख द्यावा, एवढीच विनंती. तिन्ही आकृत्या मिळून दोन स्तंभांची जागा पुरेल. मथळा लेखकांना वाटेल तो त्यांनी द्यावा.

कळावे,
आपला,
भौतिकशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक, सांगली